बाळंतिणीला कुणी विचारलं?

बारशाला आलेली प्रत्येक बाई विचारते, “दूध पुरतंय ना गं बाळाला?” “तुझी झोप झाली का?” असं मात्र क्वचितच कुणी विचारतं.

बाळंतपणानंतर संप्रेरकं झपाट्यानं उतरतात. त्यामुळे दोन-तीन दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं स्वाभाविक आहे. पंधरवड्यात ते ओसरतं. त्यानंतरही उदासी हटेना, बाळ निजलं तरी डोळा लागेना, बाळाची ओढच वाटेना, तर तो आजार असू शकतो, नखरे नव्हेत. १९८७ मधल्या एडिंबरो प्रश्नावलीच्या १० प्रश्नांवरून डॉक्टरांना त्याचा अंदाज येतो.

ताणामुळे पान्हा फुटायला वेळ लागतो. मग ‘हिला दूधच नाही’ हा टोमणा, त्यानं आणखी ताण! हे चक्र घरच्यांनीच तोडायला हवं. औषधं घेतली की अंगावरचं तोडावंच लागतं, असंही नाही. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावं.

‘जगणं नको’ असं ती म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

डिंकाचे लाडू द्याच. पण रात्री पाजून झालं की बाळ आपल्याकडे घ्या. तिला झोपू द्या.