ब्रेकचा मास्टर सिलिंडर घरच्या घरी बदलताना

शेतमाल बाजारात नेण्यासाठी आता अनेक शेतकऱ्यांच्या दारात जुनी जीप, पिकअप किंवा मोटार असते. हंगामापूर्वी आपण औते व पंप तपासून घेतो. गाडीच्या ब्रेककडे मात्र ते लागेनासे झाल्यावरच लक्ष जाते. भरलेली गाडी घाट उतरत असताना असे घडले तर प्रसंग जिवावर बेततो. म्हणून मास्टर सिलिंडरचा दोष वेळीच ओळखणे व तो योग्य रीतीने बदलणे आवश्यक आहे.

कार्य कसे चालते?

पायडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो. त्यामुळे ब्रेक ऑईलवर पडणारा दाब नळ्यांमधून चारही चाकांना पोहोचतो. दट्ट्यावर रबरी कप असतात. फवारणी पंपाचा वॉशर झिजला की दांडा हलतो, पण नोझलला दाब येत नाही. कप झिजल्यावर ब्रेकचे नेमके तसेच होते.

दोष कसा ओळखावा?

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन सुरू करावे. पायडल बेताच्या जोराने दाबून अर्धा मिनिट तसेच धरावे. इंजिन सुरू होताना ते किंचित खाली जाते. हे बूस्टरमुळे होते, तो दोष नव्हे. मात्र पायडल सावकाश खाली बसतच गेले तर दाब कोठेतरी निसटत आहे असे समजावे.

अशा वेळी टाकीतील ऑईलची पातळी पाहावी. पातळी घटली असल्यास नळ्या, चाकांची आतील बाजू आणि सिलिंडर व बूस्टर यांमधील जोड येथे ओल शोधावी. पातळी कायम असूनही पायडल बसत असेल, तर बहुधा आतील कप खराब झालेले असतात. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या जीपबाबत असेच घडले. टाकी भरलेली पाहून दुरुस्ती आठवडाभर लांबविली आणि एका उतारावर पायडल तळाला टेकले. गाडी रिकामी होती व हातब्रेक चांगला होता, म्हणून निभावले. टाकी भरलेली आहे म्हणजे ब्रेक चांगले आहेत, असे कधीही समजू नये.

साहित्य

जुन्याशी तंतोतंत जुळणारा नवा सिलिंडर, सीलबंद ब्रेक ऑईल, ब्रेक नळीच्या नटाचा पाना, पारदर्शक प्लॅस्टिक नळी, बाटली, स्वच्छ कापड व डोळ्यांसाठी चष्मा.

टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच ऑईल घ्यावे. हे ऑईल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ३ ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून उघडा पडलेला जुना डबा वापरू नये. इंजिन ऑईल वा ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑईल तर चुकूनही घालू नये; त्याने रबर फुगून सर्व कप निकामी होतात.

कृती

१. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी. इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाच वेळा दाबावे.

२. टाकीतील ऑईल पिचकारीने काढावे. ते रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

३. नळ्यांचे नट सोडवावेत. नळ्या वाकवू नयेत. त्यांची तोंडे झाकून ठेवावीत.

४. बूस्टरवरील नट काढून सिलिंडर अलग करावा. बूस्टरचा दांडा व दट्ट्या यांमधील फट पुस्तिकेप्रमाणे असावी. फट न राहिल्यास ब्रेक धरून राहतात व तापतात.

५. विहिरीवरील पंप सुरू करण्यापूर्वी आपण त्यात पाणी भरून हवा काढतो. येथेही तेच करावे. नवा सिलिंडर शिकंज्यात धरून टाकीत ऑईल भरावे. सिलिंडरच्या तोंडांना लावलेल्या नळ्यांची टोके टाकीतील ऑईलमध्ये बुडवावीत. बुडबुडे थांबेपर्यंत दट्ट्या सावकाश दाबावा.

६. सिलिंडर जागेवर बसवावा. नळ्यांचे नट आधी हाताने फिरवून आटे नीट बसल्याची खात्री करावी, मगच पाना लावावा.

७. शेवटी चाकांमधील हवा काढावी. चाकांचा क्रम पुस्तिकेत दिलेला असतो. जुन्या गाड्यांत साधारणपणे सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. एकाने पायडल दाबून धरावे. दुसऱ्याने चाकाच्या निपलला नळी लावून तिचे टोक बाटलीतील ऑईलमध्ये बुडवावे, निपल थोडे सैल करावे व पुन्हा बंद करावे. त्यानंतरच पायडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे. मध्येच टाकी रिकामी होऊ देऊ नये.

चाचणी

इंजिन सुरू करून अर्ध्या मिनिटाची चाचणी पुन्हा घ्यावी. पायडल घट्ट राहिले पाहिजे व कोठेही ओल दिसता कामा नये. पायडल स्पंजासारखे मऊ लागल्यास हवा शिल्लक आहे असे समजावे. सर्व ठीक असल्यास रिकामी गाडी मोकळ्या सपाट जागी चालण्याच्या वेगाने चालवून पाहावी. दुसऱ्या दिवशी ऑईलची पातळी पुन्हा पाहावी. त्यानंतरच माल भरावा.

विशेष सूचना

एबीएस असलेल्या गाडीची हवा काढण्यास पुष्कळदा यंत्र लागते; असे काम कारागिराकडेच द्यावे. पायडल घट्ट होत नसेल तर गाडी चालवत नेऊ नये, ओढून न्यावी किंवा कारागिराला घरी बोलवावे. काढलेले ऑईल पुन्हा वापरू नये. तसेच विहीर, पाट वा बांधावर ओतू नये.

एका दिवसाचा बाजार हुकला तर तो पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. म्हणून पायडलची खात्री पटेपर्यंत गाडी दारातच उभी ठेवावी.