कटच्या रेषेवर

गोल्फ स्पर्धेचा फोटो वर्तमानपत्रात येतो तो शेवटच्या दिवसाचा: करंडक, हसरा विजेता, मागे प्रायोजकांचे फलक. पण स्पर्धा खरोखर पाहायची असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर जावं.

प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, हा आपल्याकडचा पुरुषांचा व्यावसायिक दौरा २००६ साली सुरू झाला. इथली स्पर्धा बहुतेक वेळा मंगळवारी सुरू होते आणि शुक्रवारी संपते. शंभराहून जास्त खेळाडू दोन दिवसांत ३६ होल खेळतात. मग यादीतले पहिले ५० आणि पन्नासाव्याशी बरोबरीत असलेले पुढे जातात. बाकीच्यांचा आठवडा तिथेच संपतो. यालाच कट म्हणतात. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याच्या हाती साधारण पंधरा लाख पडतात. कट चुकलेल्याचं नाव बक्षिसांच्या यादीत येत नाही. प्रवास, राहणं, जेवण, प्रवेश शुल्क, कॅडीचे पैसे हे सगळं मात्र त्याच्या खिशातून गेलेलं असतं.

येरवड्याच्या बाजूला पूना क्लबचं गोल्फ मैदान आहे. तिथे अशाच एका बुधवारी मी एका तरुण खेळाडूच्या गटाबरोबर चालत होतो. प्रेक्षक म्हणाल तर दुसऱ्या एका खेळाडूचे वडील आणि मी. गर्दी नाही, टाळ्या नाहीत. हा मुलगा कट जिथे लागेल असा अंदाज होता त्याच्या एक फटका मागे होता आणि तीन होल उरले होते. मोबाइलवर दर होलनंतर गुणफलक बदलत होता. त्याने तो एकदाही पाहिला नाही, कॅडीने मात्र दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर कॅडीने मोबाइल पिशवीच्या तळाशी टाकला आणि चेन लावली.

कॅडी म्हणजे पिशवी उचलणारा माणूस, अशी आपली समजूत असते. जवळून पाहिलं की ती टिकत नाही. सकाळीच खेळाडूंना एक कागद मिळतो. त्या दिवशी प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, झेंडा पुढच्या कडेपासून किती पावलं आत आणि बाजूच्या कडेपासून किती, एवढंच त्यावर असतं. कॅडीच्या मागच्या खिशात मैदानाची अंतरवही, तिच्यात हा कागद घडी करून ठेवलेला. प्रत्येक फटक्याआधी तो पावलं मोजतो, वारा पाहतो, आकडा सांगतो. खेळाडूने क्लब काढला की गप्प बसतो. ही गप्प बसायची वेळ ओळखणं हे त्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य असावं, असं मला वाटतं.

आणि ग्रीनवर तो गवत वाचतो. आपल्या हवेत बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं. आपली हरळी, दूर्वा, त्याच कुळातली. हे गवत एका दिशेला लवून वाढतं. लवलेल्या दिशेने पाहिलं तर ते चमकतं आणि चेंडू पळतो; उलट बाजूने तेच गवत गडद दिसतं आणि चेंडू अडखळतो. शंका आली की कॅडी होलच्या कडेशी वाकतो. होलची एक कड कातरल्यासारखी स्वच्छ असते, दुसरी थोडी विसकटलेली, करपलेली. गवत त्या विसकटलेल्या बाजूला वाढतंय. त्या बुधवारी त्या मुलासमोर सहा फुटांचा पट, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका, होता. कॅडी दोन्ही बाजूंनी उकिडवा बसून आला आणि एवढंच म्हणाला, "डावीकडं एक कप, दादा. हळू सोड." चेंडू डावीकडून वळत आला, कडेला टेकला आणि आत गेला. बर्डी, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी. मुलाने मूठसुद्धा आवळली नाही, टोपीला हात लावला आणि पुढच्या टीकडे चालू लागला.

शेवटच्या होलवर तीन फुटांचा पट उजव्या कडेवरून निसटला. एका फटक्याने कट गेला.

त्यानंतर जे झालं ते मला खेळाइतकंच महत्त्वाचं वाटतं. गोल्फमध्ये तुमचे गुण सहखेळाडू लिहितो. खेळ संपल्यावर गुण नोंदवायच्या तंबूत बसून दोघं एकमेकांची कार्डं होलगणिक वाचून दाखवतात, तपासतात, सही करतात. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा राहिला आणि सही झाली तर खेळाडू बाद. हातातून आठवडा निसटलेला असतानाही त्या मुलाने सहखेळाडूचे अठराही आकडे सावकाश वाचले. त्या सहखेळाडूचा कट लागला होता; एका आकड्याची चूक उरली असती तर त्याचंही नुकसान झालं असतं.

कटच्या या रेषेची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. भारतीय गोल्फ घडवलं ते फार मोठ्या प्रमाणात मैदानावर राबणाऱ्यांच्या घरांनी. दिल्ली गोल्फ क्लबचे कॅडी अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकले. बंगळुरूचे चिन्नास्वामी मुनियप्पा कॅडीच होते. त्यांनी ती २००९ मध्ये जिंकली. एसएसपी चौरसियांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीन राखायचे. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन नेली. महूच्या मुकेश कुमारांनी देशातल्या शंभराहून अधिक स्पर्धा जिंकून झाल्यावर, वयाच्या ५१व्या वर्षी, आशियाई दौऱ्यावरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्याच महूच्या ओमप्रकाश चौहान यांनी २०२३चा पीजीटीआय मोसम अव्वल स्थानावर संपवला आणि युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरवर खेळण्याचा हक्क मिळवला. पुण्याचा उदयन माने याच दौऱ्यावर खेळत टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला.

पैसेवाल्या घरातला मुलगा लागोपाठ आठ कट चुकला तरी नवव्या गावी विमानाने पोचतो. कॅडीच्या मुलाला तिसरा कट चुकल्यावरच हिशेब मांडावा लागतो. मोसम संपतो तो डिसेंबरात जमशेदपूरला, बेलडीह आणि गोलमुरी या मैदानांवर. तोवर वर्षाच्या कमाईच्या यादीत वर राहिलेल्यांचं दौऱ्यावर खेळण्याचं कार्ड पुढच्या वर्षी टिकतं. खाली घसरलेला पुन्हा पात्रता फेरीला जातो, तिथे पुन्हा शुल्क भरतो आणि यंदाच शाळा संपवून आलेल्या मुलांशी थोड्याशा जागांसाठी झुंजतो.

डीपी वर्ल्ड टूरने २०२३च्या मोसमापासून आपल्या पात्र खेळाडूंना, पंधरा स्पर्धा खेळल्या तर, वर्षाला दीड लाख डॉलर किमान उत्पन्नाची हमी दिली. आपल्या दौऱ्याकडून एवढी अपेक्षा कोणी करणार नाही. पण कट एका फटक्याने चुकलेल्याचं प्रवेश शुल्क पुढच्या स्पर्धेत वळतं करून देणं आणि त्याच्या कॅडीला दोन दिवसांचे पैसे आयोजकांकडून मिळणं, एवढं जमायला हवं. त्यासाठी लागणारी रक्कम विजेत्याच्या चेकमधून कापली तरी त्याला ती जाणवणार नाही.