बाटलीवरची कागदी पट्टी

२०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस छिंदवाड्याची लेकरं उपचारांसाठी आमच्या नागपुरात येत होती. सर्दी-तापावर पाजलेल्या कोल्ड्रिफ सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. किडन्या निकामी होऊन वीसहून अधिक मुलं गेली. तेव्हापासून औषधाची बाटली हातात घेतली की मागचं सगळं वर येतं.

आमच्या लहानपणी कंपाउंडर बाटलीत लाल औषध ओतायचा आणि खाचा कातरलेली कागदी पट्टी वर चिकटवायचा. एका वेळी एक खाच. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीलाही ते कळायचं. पुढे राय सिंड्रोम या आजाराच्या भीतीने मुलांचं ॲस्पिरिन सुटलं, पॅरासिटामॉल रुळलं.

माझा राग आहे तो २००२ ते २०११ या वर्षांवर. माझी दोन्ही मुलं तेव्हा लहान. केमिस्ट निमेसुलाइडचं सिरप पुढे करायचा, "ताई, हे द्या, लगेच उतरेल." ताप उतरायचाही. पण यकृताला अपाय होतो म्हणून फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्येच ते थांबवलं होतं. आपल्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी यायला २०११ उजाडलं. नऊ वर्षं! त्या काळात मी ते किती वेळा पाजलं, हा हिशेब आजही छातीत कळ आणतो.

त्याच काळातली एक रात्र. धाकटी आठ किलोची, अंग तापलेलं. झोपेत मी थोरल्याच्या सिरपऐवजी तिच्याच ड्रॉप्सची बाटली पाच मिलीच्या मापात ओतली. सिरपच्या पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. ड्रॉप्सच्या एकाच मिलीत १००. म्हणजे मापात ५०० होतं, आणि किलोमागे १५ धरले तरी तिला एका वेळी १२० च्या वर चालणार नव्हतं. सासूबाईंनी मनगट धरलं. "अगं, ही तर ड्रॉपरची बाटली!"

आज तर पाच मिलीत २५० वालंही सिरप मिळतं. लेबल इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं. वर तापाचं वेगळं पाजलं की दुप्पट जातं. डेंग्यूच्या दिवसांत टाळायला हवं असलेलं आयबुप्रोफेन मनाने देणारे आईबाप मी पाहते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं होतं. कोल्ड्रिफमध्ये तीच जोडी होती. विष नसतं, तरी ते त्यांतल्या चार वर्षांखालच्या चिमुकल्यांच्या तोंडी जायला नको होतं.

परवा भाचीच्या बाळाला ताप आला. डॉक्टरांनी सांगितलेलं मी कागदाच्या पट्टीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून बाटलीला चिकटवलं: वजन ९ किलो, १२५ चं सिरप, एका वेळी ५ मिली, दोन वेळांमध्ये सहा तास, दिवसरात्रीत चारच वेळा. खाली, दिल्याची वेळ लिहायला मोकळी जागा. तुमच्या घरातल्या बाटलीलाही अशी पट्टी लावा, आणि बाळाचं वजन वाढलं की डॉक्टरांना विचारून ती बदला. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, तर मात्र बाटली उघडूच नका. तडक डॉक्टरकडे न्या.