पाण्याचं वेळापत्रक

नकाशा समोर ठेवला तर रुआँला बंदर म्हणायला जीभ जरा अडखळते. नॉर्मंडीतलं हे शहर समुद्रापासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर आत आहे. सेन नदी इतकी वळणं घेते की जहाजाला तेच अंतर एकशेवीसच्या आसपास पडतं. तरीही पश्चिम युरोपातून धान्य बाहेर नेणाऱ्या बंदरांत रुआँचं नाव अगदी वरचं. ल हाव्र आणि पॅरिस या दोन बंदरांशी 2021 मध्ये त्याचा कारभार एकत्र झाला, पण नदीनं ते काही मनावर घेतलेलं दिसत नाही. ती अजून दिवसातून दोनदा आपल्याच घड्याळानं चालते आणि रुआँचा सगळा धंदा त्या घड्याळावर.

हे पाहायचं तर शहर सोडून निम्म्या वाटेवरच्या कोदबेक-आँ-को या गावाच्या धक्क्यावर जावं. समुद्राकडून आलेल्या जहाजावरचा पायलट इथे उतरतो आणि वरच्या टप्प्याचा पायलट चढतो. दोघांनी नदी वाटून घेतलेली असते. जहाज थांबत नाही, फक्त वेग उतरवतं. एक छोटी लाँच त्याच्या कुशीला चिकटून धावू लागते, वरून शिडी सोडलेली असते आणि पाठीवर पिशवी टाकलेला माणूस ती झपझप चढून जातो. जहाज येण्याआधीच काठावरचं पाणी मागे ओढलं जातं, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. ते पुढे गेलं की पाणी उसळून परत येतं. काठावर सावधगिरीच्या पाट्या आहेत त्या याचसाठी. मी दोन पायऱ्या वर सरकलो, तरी बूट भिजलेच.

पायलट होण्यासाठी व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून समुद्र पाहिलेला असावा लागतो, मग स्पर्धा परीक्षा. जहाजाचा हुकूम कायद्यानं कप्तानाकडेच राहतो, पण ही वळणं, हा गाळ आणि हा प्रवाह पायलटला पाठ असतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला खडूच्या पांढऱ्या कड्यांखाली पाणी खोल. आतल्या अंगाला सपाट कुरणं आणि उथळ पाणी. त्याहून मोठी विद्या मात्र वेळेची.

भरती ल हाव्रपाशी पूर्ण झाली म्हणजे रुआँला झाली असं नाही. भरतीचा तो फुगवटा नदीतून वर सरकत रुआँला पोहोचायला चारपाच तास घेतो. पुढे तो पोझ इथल्या बंधाऱ्यापर्यंत जातो आणि तिथे संपतो. त्याच्या वरती सेन ही फक्त नदी. आता जहाजाचा वेग पाहा. बारा नॉट, म्हणजे तासाला बावीस किलोमीटर धरले, तर एकशेवीस किलोमीटरला साडेपाच तास लागतात. दोन्ही वेग जवळपास सारखे. म्हणून वर येणारं जहाज भरतीच्या पाठीवर बसून येतं. मुखाशी उंच पाणी, मध्ये उंच पाणी, शहरात शिरतानाही उंचच पाणी.

उतरताना सगळं फिरतं. जहाज खाली निघतं तेव्हा पाण्याची लाट समोरून येत असते. प्रवासाचे पाचसहा तास आणि रुआँ-समुद्र यांच्या भरतीतला चारपाच तासांचा फरक, यांची बेरीज दहाअकरा तासांची होते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंतचा काळ साडेबारा तासांच्या आत. म्हणजे उतरणारं जहाज जवळजवळ पूर्ण एक चक्र ओलांडतं आणि वाटेत कुठे ना कुठे त्याला ओहोटी भेटणारच. ती टाळता येत नाही. कुठे भेटावी, एवढंच निघण्याच्या वेळेनं ठरवता येतं. भरतीची वाट पाहत गलबत उभं करणाऱ्या कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला यातलं अर्धं आधीच ठाऊक असेल. उरलेलं अर्धं, म्हणजे चढणं सोपं आणि उतरणं अवघड, हे अशा लांब भरतीच्या नद्यांचं खास.

आणि गंमत अशी की रुआँ शतकानुशतकं सोप्या दिशेवर जगलं. बाहेरून आणायचं, शहरात विकायचं, पॅरिसकडे पाठवायचं. अठराव्या शतकात इथे कापूस आला आणि शहर सुती कापडासाठी प्रसिद्ध झालं. भारतातून येणाऱ्या छापील छिटांनी फ्रान्सला असं वेड लावलं होतं की रेशीम-लोकरवाल्यांना वाचवण्यासाठी 1686 मध्ये या छिटांवर बंदी आली. ती 1759 मध्ये उठली आणि रुआँच्या आसपास छपाईचे कारखाने उभे राहिले. याच भागातलं कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यातही दिलं गेलं. कॅथेड्रलसमोर मोनेच्या चित्रांच्या आठवणीत उभे राहणारे प्रवासी हा हिशेब सहसा काढत नाहीत. नंतर इंग्लंडचा कोळसा आला, मग तेल. आता मुख्य माल गहू, आणि तो बाहेर जातो. भरलेलं जहाज नेमकं अवघड दिशेला.

त्या दिशेसाठी नदीला बरंच सोसावं लागलं आहे. पूर्वी खालच्या टप्प्यातले वाळूचे दांडे जागा बदलत. तिथल्या किलबफ गावाचे पायलट त्यासाठीच नावाजलेले आणि तिथला तळ फुटक्या जहाजांसाठी. जानेवारी 1790 मध्ये तिथे बुडालेल्या ‘तेलेमाक’ जहाजात राजघराण्याचा खजिना होता, ही दंतकथा अजून लोकांना पाण्यात उतरवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दोन्ही काठांना बांध घालून नदीला एका वाटेनं वाहायला लावलं, तळ उपसला. परिणामी मास्कारे नाहीसा झाला. उधाणाच्या दिवशी भरती उभ्या लाटेच्या रूपात नदीत घुसत असे, त्याला हे नाव. कोदबेकला ती पाहायला पॅरिसहून माणसं येत. 1960 च्या दशकात ती लाट संपली. शेजारच्या विल्किये गावात 4 सप्टेंबर 1843 रोजी होडी उलटून व्हिक्टर ह्यूगोची मुलगी लेओपोल्दीन आणि तिचा नवरा बुडाले. कारण मास्कारेचं नव्हतं, वाऱ्याचा झोत होता, तरी गावात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या जातात.

बांध घातले तरी गाळ येतोच. उपसणारी जहाजं वर्षभर फिरतात आणि लाखो घनमीटर गाळ समुद्रात नेऊन टाकतात. 2010 नंतरच्या दशकात मार्ग आणखी मीटरभर खोल करण्याचं काम झालं. एका मीटरसाठी एवढा खटाटोप का, हे गोदीवर गेल्याशिवाय पटत नाही.

धान्य साठवणारे सिलो शहराच्या खालच्या अंगाला, डाव्या काठावर. ट्रक, मालगाड्या आणि वरून येणारे सपाट तळाचे बार्ज तिथे गहू ओततात. आत घेण्याआधी ट्रकमध्ये पोकळ नळी खुपसून नमुना काढतात: ओल किती, प्रथिनं किती, हेक्टोलिटरला वजन किती. मोरोक्को, इजिप्त यांच्या पावासाठी हे आकडे महत्त्वाचे. मग पट्ट्यांवरून गहू वर चढतो आणि लांब नळ्यांतून जहाजाच्या पोटात पडतो. आवाज पावसाच्या मोठ्या सरीसारखा. पण खरा पाऊस आला की सगळं थांबतं, लोखंडी झाकणं सरकतात, कारण भिजलेला गहू कोणी घेत नाही. नॉर्मंडीत पाऊस यायला फारसं निमित्त लागत नाही. पाऊस थांबतो, झाकणं उघडतात, आणि दरम्यान भरतीचं घड्याळ पुढे गेलेलं असतं.

शेवटच्या तासांत एक माणूस धक्क्यावरून आणि होडीतून जहाजाभोवती फिरतो. नाळ, मध्य आणि मागची बाजू, दोन्ही कुशींना, असे सहा ठिकाणी रंगवलेले आकडे तो वाचतो आणि पाण्याची घनताही मोजतो. रुआँचं पाणी गोडं. त्यात जहाज जास्त बुडतं. इथे दहा मीटर बुडालेलं जहाज समुद्रात गेल्यावर वीतभर वर येतं. पण तोवर नदी संपलेली असते, तेव्हा त्या विताचा उपयोग इथे नाही.

एकशेनव्वद मीटर लांब आणि तीस मीटर रुंद जहाज एक सेंटीमीटर जास्त बुडवायला पन्नासेक टन गहू लागतो. आजच्या ओहोटीला नदी दहा सेंटीमीटर कमी देणार असेल, तर पाचशे टन, म्हणजे सोळासतरा ट्रकांचा माल, धक्क्यावरच ठेवायचा किंवा जास्त पाण्याची वाट पाहत दिवसाचं भाडं भरत उभं राहायचं. व्यापारी बहुधा गहू ठेवतात.