ओढणे सोपे, थांबवणे अवघड

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांतील रस्त्यांवर एक दृश्य रोज दिसते. पुढे एक ट्रॅक्टर आणि मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. एवढासा ट्रॅक्टर एवढे ओझे ओढतो कसा, असे कुतूहल तुम्हांलाही वाटले असेल.

मी शाळेत असताना आमच्या गावाबाहेरच्या उतारावर अशाच दोन ट्रॉल्या उलटल्या. ड्रायव्हर सुदैवाने वाचला. तो जमलेल्या लोकांना पुनःपुन्हा सांगत होता, “ब्रेकवर उभा राहिलो होतो हो, पण गाडी थांबेचना!” कोणाचाही त्याच्यावर विश्वास बसला नाही. तो खरे बोलत होता की खोटे? थोडे गणित करून आपणच निवाडा करू या.

समजा, ट्रॅक्टरचे वस्तुमान २ टन आहे आणि उसासह दोन्ही ट्रॉल्यांचे मिळून १८ टन. एकूण झाले २० टन, म्हणजे सुमारे २ लाख न्यूटन वजन. हे सर्व वजन ट्रॅक्टरला उचलायचे नसते. ट्रॉल्या चार चाकी असल्या तर त्यांचे वजन त्यांच्याच चाकांवर असते. सपाट डांबरी रस्त्यावर फक्त चाके फिरण्याला होणारा विरोध जिंकावा लागतो. तो वजनाच्या सुमारे २ टक्के धरू, म्हणजे ४,००० न्यूटन. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जायचे, तर शक्ती लागेल ४,००० × ५ = २०,००० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा ही शक्ती झाली सुमारे २७ अश्वशक्ती. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे काम सहज जमते. आपल्या पहिल्या कोड्याचे उत्तर मिळाले.

आता चढ लागला. दर २५ मीटरला १ मीटर, म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकाच. पण या चढावर वजनाचा पंचविसावा भाग मागे खेचू लागतो. २ लाखांचा पंचविसावा भाग ८,००० न्यूटन. त्यात आधीचे ४,००० मिळवा. गरज तिप्पट झाली! इंजिन खालच्या गिअरमध्ये वेग कमी करून जोर वाढवू शकते. परंतु तो जोर रस्त्यापर्यंत पोहोचवायचा कोणी? मागच्या दोन चाकांनी. त्यांच्यावर समजा १३,००० न्यूटन भार आहे. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक ०.७ धरला, तर पकड मिळते सुमारे ९,००० न्यूटन. गरज १२,००० ची. म्हणजे इंजिनात दम असूनही चाके जागीच फिरणार.

येथे निसर्ग थोडी मदत करतो. ट्रॉली मागच्या हुकाला खेचते, तेव्हा ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती तरफेसारखा वळू पाहतो. पुढच्या चाकांवरचा भार कमी होऊन तेवढाच मागच्या चाकांवर जातो. चढावर ट्रॉल्यांची ओढ सुमारे १०,८०० न्यूटन असते. हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २ मीटर असेल, तर १०,८०० × ०.५ ÷ २ = २,७०० न्यूटन भार मागे सरकतो. पकड ११,००० न्यूटन होते. तरी थोडी कमीच.

मग कोणी साखळी एक मीटर उंचीवर बांधतो. ५,४०० न्यूटन मागे जातात, पकड १२,८०० च्या वर पोहोचते आणि ट्रॅक्टर चढतो! पण किंमत पाहा. पुढच्या चाकांवर मुळात ७,००० न्यूटन होते, आता उरले १,६००. स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर नीट वळत नाही. क्लच झटक्याने सोडला, तर पुढची चाके हवेत जातात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरवर मागे उलटू शकतो. म्हणून ओढ नेहमी खालच्या, ठरवून दिलेल्या हुकालाच घ्यावी. पकड वाढवण्याचे सुरक्षित उपाय वेगळे आहेत : मागच्या टायरमध्ये पाणी भरणे, चाकांना लोखंडी वजने लावणे आणि तोल राखण्यासाठी पुढेही वजने टांगणे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ऊस कमी भरणे.

हे तुम्हांला घरी पडताळता येईल. काड्यापेटी टेबलावर उभी करा. तळाजवळ दोरा बांधून ओढली, तर ती सरकत येते. दोरा वरच्या टोकाला बांधून ओढली, तर ती आडवी होते.

आता त्या ड्रायव्हरकडे वळू. सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणाऱ्या २० टनांची गतिज ऊर्जा ½ × २०,००० × २५, म्हणजे २,५०,००० ज्यूल. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांवरच असतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर ब्रेकचा जोर त्या दोन चाकांच्या पकडीहून जास्त असूच शकत नाही. ९,००० न्यूटन ब्रेकचे आणि ४,००० रस्त्याच्या विरोधाचे, एकूण १३,००० न्यूटन. ऊर्जेला बलाने भागले की अंतर मिळते : सपाटीवर १९ मीटर. एकटा ट्रॅक्टर ३ मीटरच्या आत थांबला असता.

आपल्या १:२५ च्या उतारावर ८,००० न्यूटन पुढे ढकलतात. रोखायला उरले ५,०००, आणि अंतर झाले ५० मीटर. उतार १:१५ असेल तर? पुढे ढकलणारे बल १३,३०० न्यूटन, रोखणारे १३,०००. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबणार नाही, उलट हळूहळू वेगच घेईल! शिवाय मागून येणारा ट्रॉल्यांचा रेटा मागच्या चाकांवरचा भार कमी करतो, त्यामुळे प्रत्यक्षात पकड याहूनही घटते. चाके घसरू लागली, की ट्रॉल्या ट्रॅक्टरला आडवा ढकलतात. चाकूचे पाते मिटावे तशी सारी गाडी मिटते आणि उलटते.

तेव्हा मित्रहो, तो ड्रायव्हर खरे बोलत होता. त्याने ब्रेक दाबलाच होता. त्याची चूक उताराच्या पायथ्याशी झाली नव्हती, माथ्यावर झाली होती. डिझेल वाचवण्यासाठी त्याने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. गिअरमध्ये असलेले इंजिन चाकांना धरून ठेवते आणि वेग मुळात वाढूच देत नाही. न्यूट्रलमध्ये हा हात सुटतो. वेग दुप्पट झाला, की ऊर्जा चौपट होते आणि थांबण्याचे अंतरही चौपट. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच गणितावर उभा आहे.

ओझे ओढण्याची ताकद इंजिनात असते. ते थांबवण्याची ताकद टायरच्या पकडीत असते. ट्रॉलीत किती ऊस भरायचा, हे इंजिनाला विचारून ठरवू नये, ब्रेकला विचारून ठरवावे. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी ट्रॅक्टर चालवत असेल, तर हे गणित त्यांच्यासमोर मांडा. आणि उताराला लागलेल्या उसाच्या गाडीपुढे सायकल घालण्याचा मोह स्वतःही आवरा.