पाणी सोडणारा माणूस

नळ फिरविला आणि पाणी आलें नाहीं, म्हणजेच त्या पाण्यामागें कोणी माणूस उभा आहे याची आपणांस आठवण होते. एरवीं घरांत पाणी येणें ही गोष्ट आपणांस सूर्योदयाइतकीच स्वाभाविक वाटते. परंतु सूर्योदयास मनुष्याची गरज नाहीं, पाण्यास आहे.

आमच्या पिंपरी-चिंचवडचेंच उदाहरण घ्या. पवना धरणांतून सोडलेलें पाणी नदीवाटे रावेतच्या बंधाऱ्यापाशीं येतें, तेथून उपसून निगडीस शुद्ध केलें जातें, आणि मग शहरभर पोंचतें. नोव्हेंबर २०१९ मध्यें येथें दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात झाली, आणि प्रत्येक गृहसंस्थेंत एका माणसाचें महत्त्व एकदम वाढलें. महापालिकेचें पाणी आलें कीं तें जमिनीखालच्या टाकींत घ्यावयाचें, पंप लावून गच्चीवरची टाकी भरावयाची, ती वाहूं लागण्यापूर्वीं पंप बंद करावयाचा, आणि उद्यां पाणी नाहीं हें ध्यानांत ठेवून आजचें पुरवावयाचें, हें सर्व त्याच्याकडे.

१९७२ सालीं स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानें निगडी-आकुर्डीकडे ज्या पेठा वसविल्या, त्यांतील एका जुन्या गृहसंस्थेंत आम्ही राहतों. आमच्याकडे असा एक गृहस्थ २० वर्षें आहे. कोणत्या बिऱ्हाडांत बाळंतीण आहे, कोठें अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणाचा नळ भिंतींतून कोठें वळला आहे, हें त्याला तोंडपाठ. इमारतीचा नकाशा कपाटांतून केव्हांच गहाळ झाला. तो आतां याच्या डोक्यांत तेवढा शिल्लक आहे. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, तेव्हां हा पंपाच्या खोलीशेजारीं पथारी टाकून राहिला. मुलें त्याला ‘काका’ म्हणतात. गणेशोत्सवांत आम्हीं त्याला शाल-श्रीफळ दिलें, टाळ्याही वाजविल्या.

पुढें कांहीं निमित्तानें संस्थेचीं दप्तरें चाळतांना निराळेंच चित्र दिसलें. तो नोकर ठेकेदाराचा. आणि ठेकेदार दर तीन वर्षांनीं नवा. माणूस तोच, पंप तोच, किल्ल्यांचा जुडगाही तोच. परंतु प्रत्येक वेळीं कागदावर तो आदल्या दिवशीं कामाला लागलेला! वीस वर्षांचे असे सात तुकडे झाले, आणि एकाही तुकड्याला पांच वर्षें भरलीं नाहींत.

या पांच वर्षांना अर्थ आहे. सलग पांच वर्षें सेवा केलेल्यास निरोपाच्या वेळीं प्रत्येक वर्षामागें १५ दिवसांचें वेतन उपदान म्हणून, म्हणजे व्यवहारांत ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतात तें, द्यावें, असें सूत्र १९७२ च्या कायद्यानें घातलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंही तें राखलें आहे. मात्र तें दहा वा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं. जेथें दोन-तीनच माणसें राबतात, तेथें कायदा बहुधा पोंचत नाहीं. तेथें माणुसकीनेंच पोंचलें पाहिजे.

तिला येणारा खर्च किती, हेंही पाहूं. समजा, ४० बिऱ्हाडांची संस्था आहे आणि शेवटचें वेतन १५,००० रुपये आहे. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर १५ दिवसांचे सुमारें ८,६५४ रुपये होतात; २० वर्षांचे सुमारें १,७३,००० रुपये. ही रक्कम ४० बिऱ्हाडांवर आणि २४० महिन्यांवर वांटली, तर घरटीं महिना १८ रुपये पडतात! आमच्या घरीं यापेक्षां अधिक पैसे दुधावरच्या चहांत जातात.

कोणी म्हणतील, जबाबदारी ठेकेदाराची. कागदोपत्रीं तसें असेलही; परंतु ठेकेदार बदलतो, आणि पाणी पितों ते आपण. तेव्हां येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेंत दोन ठराव मांडावेत, अशी आमची वाचकांस विनंति आहे. एक, प्रत्येक नोकर आपल्याकडे पहिल्यानें ज्या दिवशीं आला, तो दिवस संस्थेच्या वहींत लिहावा व ठेकेदार बदलला तरी तो बदलूं नये. दुसरा, त्या दिवसापासून त्याच्या नांवें थोडा निधि साठवीत जावा. शाल-श्रीफळ खुशाल द्यावें, पण त्याच्या जागीं नव्हे, त्यावर.

जो माणूस वीस वर्षें आपल्या घरांत पाणी सोडीत आला, त्याला म्हातारपणीं स्वतःच्या वीस वर्षांवर पाणी सोडावयास लावणें आपणांस शोभत नाहीं.