चॉकच्या जागी फायबरची पूड

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या रबराच्या शेडमध्ये आधी गंधकाचा वास येतो, मग मिल दिसते. दोन पोलादी रोल समोरासमोर फिरतात, पण एक थोडा जास्त वेगानं. त्या फरकामुळेच फटीतलं रबर रगडून मऊ होतं आणि पुढच्या रोलला लपेटून बसतं. मग काजळी, चॉक, तेल. गंधक शेवटी, नाहीतर माल मिलवरच करपतो.

आज चॉकशेजारच्या घमेल्यात करडी पूड होती: फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या, टाक्यांची आणि दारांची छाटणी, दळून आणलेली. हा कचरा वितळवून पुन्हा ओतता येत नाही, कारण त्यातल्या रेझिनच्या साखळ्या कायमच्या जखडलेल्या असतात. गंधक घालून तापवल्यावर रबराचंही तेच होतं. त्यामुळे पूड घालायची ती रबर कच्चं असतानाच.

मिलवाल्यानं मास्क चढवला (काचेची धूळ असते, चढवायलाच हवा) आणि पूड थोडी थोडी सोडली. सुरीनं रबर कापायचं, दुमडायचं, पुन्हा फटीत. "बारीक असली तर जिरतिया. जाड कण ऱ्हायला की तिथनंच फाटतंय बघा."

प्रेसमध्ये साधारण 150 अंशांवर पिकवलेल्या शीटमधून त्यानं दोन पट्ट्या कापल्या, एक उभी, एक आडवी. मिलवर काचतंतू शीट निघते त्या दिशेनंच झोपतात. त्यामुळे त्या दिशेनं कापलेली पट्टी ताठ, ओढली तरी फारशी ताणेना. आडवी मात्र सहज लांबत गेली.

या पुडीचं कौतुक ऐकताना मला एक गोष्ट खटकते. ती काजळीची जागा घेत नाही. काजळीचे अतिसूक्ष्म कण रबराला धरून ठेवतात, त्याला बळ देतात. ही पूड बहुतेक नुसती जागा भरते. म्हणजे तिची स्पर्धा चॉकशी. मशीनखालचे पॅड, पायपुसणी यांना चालेल. ऑइल सीलला नको.

असा कचरा मात्र वाढणार आहे. साताऱ्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची पातीही काचतंतू आणि रेझिनचीच, आणि पवनचक्कीचं आयुष्य साधारण 20-25 वर्षं धरतात.

मी हे बोललो, तर मिलवाला हसला. "चॉकची गोणी फोडायची आन् वतायची. ही आधी कापायची, मग दळायची, मग चाळायची. त्या दळणाचं बिल कुणी भरायचं, सांगा की."